चष्म्यातले जग



दिग्रसला घंटीबाबांची यात्रा भरते. आमच्या लहानपणी यात्रेत पाळणे असत, रेवड्यांची दुकाने असत, आणि एखादा सैरबीनवालाही येई. त्याच्याजवळ रंगीत पेटी असे. पेटीला गोल भिंगे बसवलेली असत. पैसे द्यायचे आणि भिंगाला डोळा लावायचा. आत आग्र्याचा ताजमहाल दिसे. मुंबईचा समुद्र दिसे. डोळा काढला की पुन्हा यात्रेतली धूळ आणि माणसांची गर्दी.

घरी आलो की आई विचारी, "काय पाह्यलं रे पेटीत?" मग आम्ही सांगायला बसायचो. दोन मिनिटे पाहिलेले दोन दिवस सांगत असू. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता सैरबीन मागे पडली. तिच्या जागी एक नवा चष्मा आला आहे. हा साधा चष्मा नव्हे. डब्यासारखा असतो. डोळ्यांवर ठेवून डोक्यामागे पट्टा बांधतात. एकदा बांधला की बाहेरचे काही दिसत नाही. आत दुसरेच जग दिसते. मान वर केली तर आभाळ दिसते. मान खाली घातली तर जमीन दिसते. मागे वळलात तर मागचेही दिसते. माणसाला वाटते, आपण तिथेच उभे आहोत.

या जगाला 'आभासी जग' म्हणतात. आभास म्हणजे नसलेली वस्तू असल्यासारखी वाटणे. उन्हाळ्यात डांबरी सडकेवर दूर पाणी दिसते. जवळ जावे तर पाणी नाही. तोही आभासच. फरक इतकाच की चष्म्यातला आभास माणसाने मुद्दाम बनवलेला असतो.

आजीचा प्रश्न

दिग्रसजवळच्या एका गावात, शाळेत, असे चष्मे दाखवायला काही मंडळी आली होती. शाळेने मलाही बोलावले होते. गावातले पालक आले होते. चष्मे चार, आणि सातवीची मुले बत्तीस.

एका मुलीने चष्मा लावला. चष्म्यात समुद्राचा तळ होता. मुलगी एकदम ओरडली. तिने दोन्ही हातांनी सलवार वर धरली आणि पाय उचलला. तिला वाटले, कपडे भिजतील. सगळे हसले. तिची आजी दाराशी उभी होती. ती मात्र हसली नाही.

आजीने मला बाजूला बोलावले आणि म्हटले, "गुरुजी, खरं सांगा. याच्यानं पोट्टी शिकते का येडी होते?"

प्रश्न सरळ होता. पण त्याचे सरळ उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. कारण त्याच आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची सभा होती. शाळेजवळ थोडे पैसे होते. ते चष्म्यांना लावावे की पिण्याच्या पाण्याच्या नळाला, हे ठरायचे होते. म्हणून मी आजीला म्हटले, "विचार करून सांगतो." तो विचार या लेखात मांडला आहे.

हा चष्मा काम कसा करतो?

आधी एक प्रयोग करा. आपले एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर धरा. डावा डोळा मिटून उजव्याने पहा. आता उजवा मिटून डाव्याने पहा. बोट जागचे हलले असे वाटते. पण बोट तिथेच आहे. दोन डोळे दोन जागी आहेत, म्हणून दोघांना थोडे वेगळे चित्र दिसते. मेंदू ही दोन चित्रे एकत्र करतो. त्यातून वस्तू जवळ आहे की दूर आहे, हे आपल्याला कळते. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पहा, म्हणजे पटेल.

ही गोष्ट इंग्लंडातील चार्ल्स व्हीटस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने १८३८ साली सर्वांपुढे मांडली. त्याने एक यंत्र केले. एका डोळ्याला एक चित्र आणि दुसऱ्या डोळ्याला थोडे वेगळे चित्र. पाहणाऱ्याला कागदावरचे चित्र उठून उभे राहिल्यासारखे दिसे.

नव्या चष्म्यातही हीच युक्ती आहे. प्रत्येक डोळ्यापुढे एक भिंग, आणि भिंगापुढे एक चित्र. त्यात भर एवढीच की डोके किती आणि कुणीकडे वळले, हे मोजणारी बारीक यंत्रे चष्म्यात असतात. डोके वळले की चित्रही तसेच बदलते. हे एका सेकंदात कितीतरी वेळा होते, म्हणून आपल्याला कळतही नाही.

डोक्याबरोबर चित्र बदलणारे असे यंत्र अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली केले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. पुढे २०१४ साली गूगल कंपनीने पुठ्ठ्याचा स्वस्त चष्मा काढला. त्यात आपला मोबाईल बसवायचा, की झाले. तेव्हापासून ही वस्तू शाळांपर्यंत येऊ लागली.

चष्म्याचा खरा उपयोग कुठे?

बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. आभाळातून फार मोठा दगड आदळला आणि तिथे सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. हे सरोवर पाहायला चष्मा कशाला पाहिजे? एस.टी.ने जावे, काठावर उभे राहावे, पाण्याचा वास घ्यावा, दगड हातात धरून पाहावा. पण तो दगड आदळला तेव्हा काय झाले असेल, हे पाहायला आपण जाऊ शकत नाही. तिथे चष्मा कामी येतो.

यातून एक साधा नियम निघतो. जिथे पायाने जाता येते, तिथे मुलाला पायाने न्यावे. जिथे जाताच येत नाही, तिथे चष्म्याने न्यावे.

कापसाचे बोंड कसे फुटते, हे आपल्या मुलांना चष्म्यात दाखवणे म्हणजे विहिरीशेजारी राहून बाटलीतले पाणी विकत घेणे. पण हृदय आतून कसे चालते? रक्त नसांतून कसे वाहते? चंद्रावरून पृथ्वी कशी दिसते? हे गावात दाखवता येत नाही. चष्म्यात दाखवता येते.

जिथे चूक झाली तर जीव जाईल, तिथेही अशा आभासाचा मोठा उपयोग आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने १९२९ च्या सुमारास जमिनीवरचे खोटे विमान बनवले. विमान चालवायला शिकणारा त्यात बसे. ते विमानासारखे वळे, कलंडे, पण जमीन सोडत नसे. चूक झाली तरी कोणी मरत नसे. दुसऱ्या महायुद्धात हजारो वैमानिक अशा खोट्या विमानांत शिकले. आजही वैमानिक आधी तसेच शिकतात. तेव्हा 'खोटे आहे म्हणून निरुपयोगी आहे' असे म्हणता येत नाही.

पाहिले म्हणजे शिकले का?

आता मुख्य गोष्ट ऐका.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे एक विद्यापीठ आहे. तिथल्या दोन संशोधकांनी एक परीक्षा घेतली. ती २०१८ साली छापून आली. त्यांनी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे दोन गट केले. धडा एकच, शरीरातल्या रक्ताचा. एका गटाने चष्मा लावून रक्तवाहिनीच्या आत फेरफटका मारला. दुसऱ्या गटाने तोच धडा संगणकावर साधी चित्रे आणि मजकूर यांतून पाहिला. मग दोघांना प्रश्न विचारले.

चष्मेवाल्यांना धडा फार आवडला होता. पण जास्त गुण पडले ते साध्या चित्रवाल्यांना!

डेन्मार्कमधील संशोधकांनीही २०१९ साली असेच काहीसे सांगितले. त्यांनी विद्यार्थ्यांना चष्म्यातली प्रयोगशाळा दाखवली. आपण खरेच प्रयोगशाळेत आहोत, असे चष्मेवाल्यांना अधिक वाटले. पण शिकले ते कमीच.

असे का व्हावे? आपण तमाशाला किंवा नाटकाला जातो. दिवे, रंग, ढोलकी यांत मन गुंगून जाते. सकाळी कोणी विचारले, "गोष्ट काय होती?" तर नीट सांगता येत नाही. चष्म्यातही तसेच होते. डोळे भरतात, पण विचार करायला मनाला उसंत मिळत नाही.

मग सांता बार्बराच्या त्याच संशोधकांनी दुसरा प्रयोग केला. या वेळी सगळ्यांना चष्माच दिला. पण एका गटाला मधे मधे थांबवले. धड्याचा एकेक तुकडा झाला की त्यांना सांगितले, "आता जे पाहिले ते आपल्या शब्दांत लिहा." दुसरा गट न थांबता पाहत गेला. या वेळी थांबून लिहिणाऱ्यांना धडा अधिक चांगला समजला.

वाचकहो, यात नवे काय आहे? आमची आई तेच करीत होती. "काय पाह्यलं रे पेटीत?" सांगायचे म्हटले की आठवावे लागते. आठवले की क्रम लावावा लागतो. क्रम लावताना काय समजले नाही, तेही कळते. शिकणे म्हणतात ते याला.

आपल्यापैकी पुष्कळजण म्हणतात, "आम्ही उशिरा अक्षर शिकलो. आम्हाला हे यंत्र काय समजणार? पोराला आम्ही काय शिकवणार?" असे म्हणू नका. चष्म्याला चित्र दाखवता येते. पण आपल्या घरच्या मायेने तो तुमच्या पोराला विचारणार नाही. ते काम आईबापांचे आणि आजी-आजोबांचे आहे. त्याला पदवी लागत नाही.

चष्म्याशिवायही जग गावात येते

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली रुजू झाले. तेव्हा शाळेची इमारत पडकी होती. एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला सामानाची खोली.

डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात ठिपक्यांची चौकोनी चित्रे लावली. त्यांना क्यूआर कोड म्हणतात. दुकानात मोबाईलने पैसे देताना आपण तसेच चित्र पाहतो. पुस्तकातल्या चित्रावर मोबाईल धरला की कविता ऐकू येई, धडा दिसे. पुढे २०१७ साली राज्य सरकारने सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत असे कोड छापण्याचे जाहीर केले.

त्यांनी आणखी एक केले. इंटरनेटवरून दूरदेशीच्या वर्गांशी भेटी घडवल्या. आपण इथे बसून विज्ञानाचे प्रयोग परदेशातल्या मुलांना दाखवले. ज्या देशांचे आपसात पटत नाही, तिथल्या मुलांची एकमेकांशी ओळख करून दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. तो दहा लाख डॉलरचा होता. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले.

इथे मुले नुसती पाहत नव्हती. समोर जिवंत मूल होते. त्याला प्रश्न विचारायचा होता आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे होते. साधने महाग नसली तरी चालतात. पाहणे आणि बोलणे बरोबर चालले पाहिजे.

सांभाळायचे काय?

चष्मा लावल्यावर काही मुलांना मळमळते, गरगरते. घाटात बसमध्ये होते तसेच. डोळा सांगतो, 'मी चाललो.' कानाच्या आत तोल सांभाळणारा अवयव असतो. तो सांगतो, 'मी जागेवरच आहे.' या भांडणात जीव कासावीस होतो. असे झाले तर चष्मा लगेच काढावा. मुलाला जबरदस्ती करू नये.

लहान मुलांना हा चष्मा देऊ नये. मेटा ही असे चष्मे करणारी एक मोठी कंपनी आहे. तिने आधी तेरा वर्षांची अट ठेवली होती. २०२३ साली ती दहा वर्षांवर आणली, तीही आईबापांच्या देखरेखीखाली. विकणाराच अट घालतो, तेव्हा घेणाऱ्याने तर जास्तच जपावे. ज्या मुलाला फेफरे येते, त्याला डॉक्टरांना विचारल्याशिवाय चष्मा लावू नये.

चष्मा लावलेल्या मुलाला भिंत दिसत नाही, खांब दिसत नाही. म्हणून त्याला खुर्चीवर बसवावे. जवळ एक मोठे माणूस असावे. एकाचा चष्मा दुसऱ्याला देण्यापूर्वी तो पुसून स्वच्छ करावा. नाहीतर एकाचे डोळे आले की साऱ्या वर्गाचे येतील. वेळ थोडा ठेवावा. पाच-दहा मिनिटे पुष्कळ झाली.

आणखी एक धोका आहे. चित्रे कंपनीची असतात. गूगलने शाळांसाठी चष्म्यातल्या सहली काढल्या होत्या. त्या २०१५ साली सुरू झाल्या आणि त्यांचे ॲप २०२१ साली बंद झाले. चष्मा कपाटात राहतो आणि आतले जग निघून जाते! पुस्तकाचे तसे होत नाही. विकत घेतलेले पुस्तक कोणी दुरून बंद करू शकत नाही.

सभेत विचारा

मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्या कायद्याने सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चारपैकी तीन हिस्से पालक असतात, आणि निम्म्या जागा बायांच्या असतात. तेव्हा शाळेत काय आणावे, हे बोलण्याचा तुम्हाला अधिकार आहे. खाली मान घालून अंगठा किंवा सही करून उठू नका. हे प्रश्न विचारा:

यात जे दिसणार आहे, ते आपल्या शिवारात किंवा एस.टी.ने जाऊन पाहता येते का?

एकाने पाहताना बाकीची मुले काय करणार?

पाहून झाल्यावर मुले बोलणार, लिहिणार, चित्र काढणार, यासाठी वेळ ठेवला आहे का?

बिघडले तर दुरुस्त कोण करणार? आतली चित्रे बंद पडली तर पुढे काय?

आणि याच पैशात शाळेचे याहून निकडीचे काम अडले आहे का?

त्या गावच्या सभेत हे प्रश्न झाले. एक आई उठून म्हणाली, "पोट्टे तहानेनं घरी पयून येतात. आधी नळ करा." तसे ठरले. पैसे नळाला गेले. चष्मेवाल्या मंडळींना सांगितले, "तुम्ही मधून मधून येत जा. पण एका दिवशी एकच गोष्ट दाखवा, आणि दाखवून झाल्यावर तास पुरा आम्हाला द्या."

समुद्र गोड की खारा?

आता त्या आजीकडे येतो. पुढच्या आठवड्यात ती आपल्या प्रौढ वर्गात आली. म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सांगाच्या आधी मीच पाहून घेतलं." मग तिने घरी काय झाले ते सांगितले.

रात्री जेवताना आजीने नातीला विचारले, "काय पाह्यलं वं तू त्या डब्यात?"

"समुद्र पाह्यला आजी. घराएवढा मासा होता."

"पाणी कसं होतं?"

"निळं."

"गोड का खारं?"

मुलगी गप्प झाली. निळे दिसले होते. चव कुठे दिसली होती? थोड्या वेळाने म्हणाली, "खारं असते. पुस्तकात आहे."

"किती खारं?"

याचे उत्तर तिला येईना. आजी उठली. गडूभर पाण्यात तिने मूठभर मीठ टाकले, ढवळले आणि म्हणाली, "घे, चाखून पाय. मी बी समुद्र नाही पाह्यला. पण मीठ तिथूनच येते, एवढं मले मालूम हाय."

मुलीने घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. मग तिनेच विचारले, "आजी, मग मासे हे पाणी कसे पितात?"

हा प्रश्न ना चष्म्याने विचारला होता, ना पुस्तकाने. तो मुलीच्या डोक्यातून निघाला होता. दुसऱ्या दिवशी तिने तो वर्गात विचारला.

आजी वर्गात मला म्हणाली, "येडी नाही झाली गुरुजी. विचारायले लागली." मग तिने पाटी पुढे केली. नातीने तिला 'समुद्र' हा शब्द काढून दिला होता. 'द्र' हे जोडाक्षर आजीला जमत नव्हते. आम्ही ते चार वेळा गिरवले.

तर वाचकहो, तुमच्या गावात हा चष्मा येईल किंवा येणारही नाही. मूल मात्र रोज काहीतरी पाहूनच घरी येते. शाळेत पाहते, शेतात पाहते, मोबाईलवर पाहते. आज संध्याकाळी त्याला जवळ बसवा आणि विचारा, "आज काय पाहिलेस?" आणि ते सांगेल तेव्हा मधे बोलू नका. शेवटपर्यंत ऐका.

वर्गात बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गावात मुलांना पायाने नेऊन दाखवण्यासारख्या तीन जागा कोणत्या?

२. कुठेही नेऊन दाखवता येणार नाही, अशी कोणती गोष्ट तुम्हाला स्वतःला पाहावीशी वाटते?

३. काल तुमच्या मुलाने काय पाहिले? विचारून या आणि चार ओळी लिहा.